सहीत शिरलेली परकी रेघ : तुटलेल्या स्पर्शाचे एक प्रकरण

बेळगाव शहरासह खानापूर आणि निपाणी येथे शाखा असलेल्या एका सहकारी पतसंस्थेसाठी आम्ही पिग्मी वसुलीचे वेब ॲप्लिकेशन तयार करून दिले होते. त्यातील सहीच्या चौकटीत एक दोष निघाला आणि तो आमच्याच कोडमध्ये होता. तो शोधताना जे उमगले ते बोटाने चालणाऱ्या कोणत्याही वेबपेजला लागू पडते, म्हणून आमच्या चुकलेल्या उपायांसह सगळे प्रकरण येथे लिहीत आहे.

पिग्मी म्हणजे दारात येऊन रोज थोडी थोडी रक्कम गोळा करण्याची बचत योजना. पुढे सिंडिकेट बँक या नावाने ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने 1928 साली रोज दोन आणे गोळा करून ती सुरू केली, आणि आज बेळगावच्या गल्ल्यांत पिग्मी म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रोजच्या भरण्याला आमच्या पद्धतीत सही लागत नसे. नवे खाते उघडताना, रोजची रक्कम बदलताना आणि मुदतीआधी पैसे काढताना मात्र खातेदाराने एजंटच्या मोबाइलवर बोटाने सही करायची होती. पान मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत होते आणि सही कोणत्याही लिपीत चालत होती.

पहिली तक्रार शहापूर-वडगाव भागात फिरणाऱ्या एका एजंट ताईंची होती. त्या भागात घरोघरी यंत्रमाग आहेत, त्यामुळे अनेक खातेदार मागाजवळ उभ्यानेच सही करतात. "सर, मामा बोट उचललेच नाहीत, रेघ आपोआप थांबली की. आणि पान वर सरकलं," असे ताईंनी एका खातेदाराविषयी फोनवर सांगितले. आम्ही ते नेटवर्कवर ढकलले, आणि ते चुकीचेच होते, कारण सही पूर्ण होईपर्यंत तिचे बिंदू मोबाइलच्याच मेमरीत राहतात. रेंज गेली म्हणून रेघ थांबण्याचे काहीच कारण नव्हते.

दोन दिवसांनी त्यांचीच दुसरी तक्रार आली आणि ती अधिक गंभीर होती. एका बाईंनी सही करायला बोट टेकवून जरा सरकवताच चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून त्यांच्या बोटापर्यंत एक तिरपी सरळ रेघ उमटली. "ही रेघ माझी नव्हे, पुसा ती," असे म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्या रेघेचे मूळ टोक त्यांच्या आधी सही केलेल्या खातेदाराचे होते, हे आम्हाला पुढे आठवडाभराने कळले.

पहिला उपाय, जो चुकला

तिरपी रेघ पाहून आमच्या मनात पहिला संशय आला तो दुसऱ्या बोटाचा. सही करताना तळहाताची कड काचेला लागते. पावसाळ्यात खानापूरकडे तर ओल्या हातांमुळे काचेवर थेंब राहतात आणि थेंबालाही स्क्रीन कधी कधी बोट समजते. हे लक्षात घेऊन आम्ही कोडमध्ये आधीच एक पहारा ठेवला होता. रेघ काढणे चालू असेल तर नव्याने टेकलेल्या बोटाकडे लक्ष द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम होते. तो अपुरा पडत असावा असे समजून आम्ही तो अधिक कडक केला. ब्राउझर प्रत्येक स्पर्शाला एक क्रमांक देतो, त्याला पॉइंटर-आयडी म्हणतात. ज्या क्रमांकाच्या बोटाने रेघ सुरू केली त्याच क्रमांकाच्या हालचाली स्वीकारायच्या आणि बाकी सगळ्या सोडून द्यायच्या, अशी अट आम्ही घातली.

तिरप्या रेघा बंद झाल्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून सहीची चौकट अधूनमधून ठार बंद पडू लागली. कितीही बोटे फिरवली तरी काही उमटेना. पान पुन्हा उघडले की सुरळीत होई आणि थोड्या वेळाने पुन्हा तसेच. आमच्या अटीने दोष बरा झाला नव्हता, त्याने फक्त रूप बदलले होते. मात्र या बदललेल्या रूपातूनच पहिला खरा धागा हाती आला, कारण चौकट बंद पडते याचा अर्थ ती कोणत्या तरी जुन्या क्रमांकाच्या बोटाची वाट पाहत बसलेली आहे आणि ते बोट काचेवरून केव्हाच गेलेले आहे.

वडगावातील नोंद

त्यानंतर आम्ही लॅपटॉप घेऊन ताईंबरोबर वडगावात गेलो. एका मागवाल्या मामांच्या घरी कांड्यांच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवला, यूएसबी केबलने ताईंचा मोबाइल त्याला जोडला आणि क्रोमच्या रिमोट डीबगिंगमधून, म्हणजे मोबाइलवरचे पान लॅपटॉपवरून तपासण्याच्या सोयीतून, बोट टेकणे, हलणे, उचलणे आणि स्पर्श रद्द होणे यांचा चौकटीवर येणारा प्रत्येक इव्हेंट (ब्राउझरने कोडला दिलेली सूचना) वेळेसह छापायला लावला. मामांना नेहमीसारखी सही करायला सांगितले. त्यांचे नाव 'म'ने सुरू होते. वरून खाली येणारी 'म'ची पहिली रेघ त्यांनी ओढली आणि स्क्रीनवर या ओळी आल्या: पॉइंटरडाउन (बोट टेकले), पॉइंटरमूव्ह (बोट हलले), पॉइंटरमूव्ह, पॉइंटरकॅन्सल (स्पर्श रद्द).

त्यानंतर काहीच आले नाही. मामांचे बोट अजून काचेवर होते आणि ते खाली सरकत होते, पान त्या बोटाबरोबर सरकत होते, पण आमच्या कोडपर्यंत एकही हालचाल पोहोचत नव्हती. त्यांनी बोट उचलले तेव्हाही पॉइंटरअप आला नाही. तो येणारही नव्हता, कारण कॅन्सल आल्यानंतर त्या स्पर्शाचा अप कधीच येत नाही, असा पॉइंटर इव्हेंट्सच्या, म्हणजे बोट, माउस आणि स्टायलस (पडद्यावरची लेखणी) या तिन्हींसाठी असलेल्या या सूचनांच्या, प्रमाणकाचा नियमच आहे.

वेबपेजवर टेकलेल्या बोटावर पहिला हक्क आपल्या कोडचा नसतो. त्याच्या वर ब्राउझर असतो आणि ब्राउझरच्या वर मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टीम असते. हे बोट पान सरकवण्यासाठी आहे असे ब्राउझरने ठरवले, किंवा हा स्पर्श माझ्या कामाचा आहे असे सिस्टीमने ठरवले, की ते बोट आपल्याकडून काढून घेतले जाते आणि त्याची सूचना म्हणून पॉइंटरकॅन्सल पाठवला जातो. प्रमाणकात आणखीही प्रसंग सांगितले आहेत. स्पर्श चालू असताना मोबाइल आडवा-उभा फिरवला गेला, किंवा उपकरणाला झेपतात त्यापेक्षा जास्त बोटे एकदम टेकली, तर तेव्हाही हीच सूचना येऊ शकते. फक्त बोटाच्या स्पर्शासाठी असलेल्या जुन्या टच इव्हेंट्समध्ये याच कामासाठी टचकॅन्सल आहे. त्या इव्हेंट्सचे प्रमाणक वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यू3सी या संस्थेने 2013 साली मंजूर केले आणि पॉइंटर इव्हेंट्सचे 2015 साली. म्हणजे ही सोय नवी नाही आणि आडबाजूलाही पडलेली नाही. आमच्या कोडमध्ये डाउन, मूव्ह आणि अप हे तीनच हँडलर, म्हणजे इव्हेंट आल्यावर चालणारे कोडचे तुकडे, होते. चौथा लिहिलाच नव्हता.

सगळ्यांच्याच सह्या का तुटत नव्हत्या

हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळत होता. आमच्या टिळकवाडीतील ऑफिसात आम्ही चौघांनी शेकडो वेळा सही करून पाहिली होती आणि ती एकदाही तुटली नव्हती.

कारण इतिहासात होते. आमची पहिली आवृत्ती टच इव्हेंट्सवर होती. तिच्यात टचमूव्हच्या हँडलरमध्ये प्रिव्हेंट-डिफॉल्ट केले होते, म्हणजे ब्राउझरने आपली नेहमीची क्रिया करू नये असे सांगितले होते, आणि त्यामुळे सही करताना पान सरकत नसे. पुढे शाखेतल्या संगणकावर माउसने आणि टॅबलेटवर स्टायलसनेही तोच कोड चालावा म्हणून आम्ही पॉइंटर इव्हेंट्सकडे वळलो. क्रोममध्ये ते 2016 पासून आणि सफारीत 2019 पासून आहेत, त्यामुळे बदल उशिराच झाला असे म्हणता येईल. तो करताना आम्ही प्रिव्हेंट-डिफॉल्टची ओळ टचमूव्हमधून उचलून पॉइंटरमूव्हमध्ये जशीच्या तशी ठेवली. पॉइंटरमूव्हमध्ये तिचा सरकण्यावर काहीही परिणाम होत नाही. पॉइंटर इव्हेंट्समध्ये पान सरकू द्यायचे की नाही हे आधीच, पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसच्या टच-ॲक्शन या गुणधर्मातून सांगून ठेवावे लागते. बोट टेकण्याच्या क्षणी जे मूल्य असेल तेच त्या स्पर्शापुरते धरले जाते आणि मध्येच बदलून उपयोग नसतो. हँडलर काय म्हणतो याची वाट न पाहता ब्राउझरला लगेच सरकता यावे, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो रास्त आहे.

बदलानंतर सह्या उमटेनात तेव्हा टच-ॲक्शनची आठवण झाली. पण 'नन', म्हणजे काहीच सरकू द्यायचे नाही, हे मूल्य दिले तर छोट्या मोबाइलवर सगळी रुंदी व्यापणाऱ्या चौकटीवरून पान सरकवताच येईना आणि खालचे 'जतन करा' हे बटण गाठता येईना. म्हणून आमच्यापैकी एकाने 'पॅन-वाय' दिले. त्याचा अर्थ असा की उभे सरकणे ब्राउझरचे, बाकीचे आपले. ऑफिसात ते उत्तम चालले, कारण आम्ही चौघेही डावीकडून उजवीकडे धावणारी, इंग्रजी वळणाची सही करतो. बोटाची पहिली हालचाल ठरावीक अंतराच्या पुढे गेली की ब्राउझर दिशेचा निकाल लावतो. सुरुवात आडवी झाली असेल तर तो पूर्ण स्पर्श आपल्याला मिळतो आणि पुढे रेघ उभी वळली तरी तो काढून घेतला जात नाही. सुरुवात उभी झाली तर मात्र ब्राउझर तो सरकण्यासाठी घेतो.

देवनागरीत म, ग, प, स ही अक्षरे वरून खाली येणाऱ्या रेघेनेच सुरू होतात, आणि शाळेत ज्यांना पाटीवर तसे गिरवायला लावले होते त्यांची बोटे आजही तशीच उतरतात. वळसा घेऊन सुरू होणाऱ्या कन्नड सह्या कधी निभावत, कधी तुटत, कारण वळशाचा पहिला लहानसा भाग कोणत्या बाजूला झुकला यावर निकाल अवलंबून होता. आमच्या चाचणीत चार माणसे होती, पण हाताचे वळण एकच होते. मराठी खातेदारांसाठी केलेल्या पानाची चाचणी आम्ही देवनागरी सहीने एकदाही केली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

एका खातेदाराची रेघ दुसऱ्याकडे कशी गेली

कोडमध्ये 'रेघ चालू आहे' अशी एक खूण आणि चालू रेघेच्या बिंदूंची एक यादी होती. डाउनवर खूण लावायची आणि यादी नव्याने सुरू करायची, मूव्हवर यादीत बिंदू घालायचे आणि शेवटच्या बिंदूपासून रेघ ओढायची, अपवर खूण काढून ती रेघ सहीत जमा करायची. कॅन्सल आला की या साखळीचा शेवटचा दुवा गळून पडतो. खूण तशीच राहते आणि यादीत दोन-तीन बिंदू अडकून पडतात. पुढच्या वेळी बोट टेकले की आमचा तो पहारा म्हणतो, रेघ चालूच आहे, हे दुसरे बोट आहे, सोडून द्या. पण त्या बोटाच्या हालचाली मात्र स्वीकारल्या जातात, कारण खूण लावलेली आहे. म्हणून अडकलेल्या शेवटच्या बिंदूपासून नव्या बोटापर्यंत सरळ रेघ उमटते.

बहुतेक वेळा ही रेघ त्याच माणसाच्या सहीत उमटे आणि 'पुसा' दाबून तो पुन्हा सही करी. परंतु एखाद्याची शेवटची रेघ तुटली आणि आधीची सही पुरेशी दिसते म्हणून एजंटने ती जतन केली, तर तुटलेल्या रेघेचे बिंदू मेमरीतच राहत. आमचे पान खातेदार बदलताना नव्याने उघडत नसे, फक्त माहिती बदलत असे. 'पुसा' या बटणाने आणि खातेदार बदलल्याने जमा झालेल्या रेघा साफ होत, पण चालू रेघेची यादी साफ करायचे आम्ही विसरलो होतो. परिणामी पुढच्या घरी, पुढच्या माणसाच्या सहीत, मागच्या माणसाच्या बोटाचा तुकडा जाई. स्क्रीनवर तिरपी रेघच काय ती दिसे, साठवलेल्या नोंदीत मात्र तो तुकडाही असे. पैशाच्या कागदावर एकाच्या सहीत दुसऱ्याचा अंश जाणे ही लहान बाब नाही, आणि त्या बाईंनी मोबाइल परत केला नसता तर ती कधी लक्षात आली असती हे सांगवत नाही.

क्रमांकाची कडक अट घातल्यावर चौकट का गोठत होती, हेही आता उघड झाले. क्रोममध्ये बोट दर वेळी टेकताना त्याला नवा क्रमांक मिळतो. आम्ही जुना क्रमांक धरून बसलो होतो आणि तो पुन्हा येणार नव्हता.

कॅन्सल म्हणजे अप नव्हे

कारण कळल्यावर पहिली सूचना आली ती एका ओळीची: अपचाच हँडलर कॅन्सललाही जोडून टाका. खूण निघेल, यादी जमा होईल, प्रश्न मिटेल. अनेक ठिकाणी असेच केले जाते आणि चित्र काढण्याच्या पानावर ते चालूनही जाईल, कारण तिथे अर्धी रेघ राहिली म्हणून काही बिघडत नाही. आमच्याकडे बोट उचलल्यावर दीड सेकंद हालचाल झाली नाही तर सही आपोआप जतन होत असे. म्हणजे मामांच्या 'म'चा पहिला तुकडा पडला, पान सरकले, ते गोंधळून थांबले, तर तेवढाच तुकडा त्यांची सही म्हणून जमा झाला असता. बोट उचलणे ही माणसाची कृती आहे, 'झाले' असे तो त्यातून सांगतो. कॅन्सलमध्ये माणसाने काहीच सांगितलेले नसते. त्याचे बोट कोणीतरी काढून घेतलेले असते. या दोन्हींना एकच उत्तर देणे म्हणजे न बोललेल्या माणसाच्या तोंडी होकार घालणे आहे.

मग तुटलेल्या रेघेचे करायचे काय, यावर आमच्यात बराच वाद झाला. पूर्ण सही पुसावी असे एकाचे मत होते, कारण सही अखंड असली पाहिजे. मला ते कठोर वाटले. साठीच्या पुढच्या माणसाने चार रेघा नीट काढल्यानंतर पाचवी तुटली म्हणून सगळे डोळ्यांदेखत नाहीसे झाले, तर तो पुन्हा त्या मोबाइलला हात लावायला धजावत नाही. शेवटी ठरले ते असे: आधी पूर्ण झालेल्या रेघा ठेवायच्या, तुटलेली रेघ नोंदीतून लगेच काढायची, पडद्यावर मात्र ती क्षणभर फिकट करून मग पुसायची, आणि चौकटीखाली दोन्ही भाषांत 'शेवटची रेघ अर्धवट राहिली, कृपया पुन्हा काढा' असे लिहायचे. आपोआप जतन करणे आम्ही पूर्णपणे काढून टाकले. आता सही जतन होते ती बटण दाबल्यावरच.

कोडमध्ये हे दोन ठिकाणी विभागले आहे. रेघ जमा करणे फक्त पॉइंटरअपमध्ये होते. साफसफाई, म्हणजे खूण काढणे, क्रमांक विसरणे आणि जमा न झालेली यादी टाकून देणे, ही लॉस्ट-पॉइंटर-कॅप्चर या इव्हेंटमध्ये होते. बोटाच्या स्पर्शाला ब्राउझर आपणहून त्या घटकाशी बांधून ठेवतो, माउससाठी ते सेट-पॉइंटर-कॅप्चरने आपण करायचे असते. हे बंधन अपनंतरही सुटते आणि कॅन्सलनंतरही सुटते, त्यामुळे शेवट कोणत्याही वाटेने झाला तरी साफसफाई एकाच दारातून होते. अप आधी येतो आणि बंधन मग सुटते, हा क्रम पक्का असल्याने जमा झालेली रेघ चुकून टाकली जात नाही. चौकटच पानावरून काढून टाकली गेली तर हा इव्हेंट तिच्याकडे न येता डॉक्युमेंटकडे, म्हणजे पूर्ण पानाकडे, जातो, म्हणून चौकट काढताना आम्ही हीच साफसफाई हातानेही करतो. कॅन्सलसोबत येणारे स्थानाचे आकडे कोठेही वापरायचे नाहीत, हेही कटाक्षाने पाळले आहे, कारण ते शून्य असू शकतात आणि त्यांचा बिंदू केला तर कोपऱ्यापर्यंत नवीच रेघ उमटेल.

जे टच-ॲक्शनने थांबत नाही

उभ्या रेघांचा प्रश्न सोडवायला सही करण्यासाठी वेगळा, पूर्ण पडद्याचा भाग केला. त्यात सरकवण्यासारखे काही ठेवले नाही, बटणे वर आणली आणि चौकटीला टच-ॲक्शन 'नन' दिले. उभ्या रेघा तुटणे त्याच दिवशी थांबले. तरीही नोंदीत काही कॅन्सल येतच राहिले आणि गंमत अशी की ते आता आडव्या सह्यांना येत होते.

ते सिस्टीमकडून येत होते. 2019 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 10 पासून पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत बोट सरकवणे म्हणजे मागे जाणे, अशी सोय आहे. चौकट पूर्ण रुंदीची असल्याने काही जण अगदी डाव्या कडेपासून आडवी रेघ सुरू करत. ती रेघ सिस्टीमला 'मागे जा' वाटे. टच-ॲक्शन ही ब्राउझरशी केलेली बोली आहे, सिस्टीमवर ती बंधनकारक नाही. येथे उपाय मांडणीचाच होता. चौकट दोन्ही कडांपासून आत घेतली आणि कडेचा भाग राखाडी ठेवला, म्हणजे तिथून कोणी सुरुवातच करणार नाही.

मोबाइल एजंटच्या हातातून खातेदाराच्या हातात जाताना आडवा होतो, हाही रोजचा प्रकार आहे. फिरवल्यावर चौकटीचे माप बदलते, आणि रेघा ज्यावर उमटतात त्या कॅनव्हास या घटकाची रुंदी किंवा उंची कोडमधून नव्याने दिली की त्यावरचे सगळे चित्र पुसले जाते. पूर्वी सही अशी नाहीशी झाली की ताई 'मोबाइल सरळ धरा की हो' म्हणत. आता रेघा बिंदूंच्या रूपात जपलेल्या असतात आणि माप बदलल्यावर त्या पुन्हा काढल्या जातात. काही मोबाइलवर तीन बोटे खाली ओढून स्क्रीनशॉट घेता येतो, वरून सूचनांचा पडदा ओढला जातो, पूर्ण पडदाभर फोन वाजू लागतो. यांतल्या कशालाही आपण अडवू शकत नाही, अडवूही नये. फोन आलेल्या माणसाला फोन घेता आलाच पाहिजे.

हाच रोग शाखेतल्या दुसऱ्या पानावरही निघाला, तेथे तर बोटाचा संबंधही नव्हता. ओळखपत्राच्या फोटोवर माउसने चौकोन ओढून नको असलेला भाग कापण्याची सोय होती आणि कारकून म्हणत, चौकोन कधी कधी ओढता ओढता अडकतो. फोटो हा साधा चित्राचा घटक होता. तो माउसने ओढला की ब्राउझर स्वतःची उचलून नेण्याची क्रिया सुरू करतो आणि आपल्याला कॅन्सल पाठवतो. त्या चित्राचे ड्रॅगेबल (उचलून नेता येणे) हे मूल्य 'फॉल्स' केल्यावर ते थांबले.

चाचणी आणि मागच्या नोंदी

ऑफिसातल्या संगणकावर ब्राउझरच्या डेव्हटूल्स या तपासणीच्या साधनांमध्ये मोबाइलची नक्कल करता येते, पण तिच्यात फोन येत नाही, कडेवरून मागे जाता येत नाही आणि कोणाचा तळहात टेकत नाही. म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. स्वयंचलित चाचण्यांत डाउन, काही मूव्ह आणि मग मुद्दाम कॅन्सल पाठवतो, आणि त्यानंतर नव्या खातेदाराची सही करून तिच्यात आधीचा एकही बिंदू नाही हे तपासतो. शिवाय प्रत्येक नव्या आवृत्तीला खऱ्या मोबाइलवर एक जण देवनागरीत सही करतो, दुसरा त्याच क्षणी त्याला फोन लावतो.

सर्वांत जास्त काळजी होती ती आधी जमा झालेल्या सह्यांची. सुदैवाने प्रत्येक बिंदू वेळेसह साठवला होता. बोट काचेवर स्थिर असेल तर मूव्ह येत नाहीत, त्यामुळे एकाच रेघेतील दोन बिंदूंमध्ये वेळेचे अंतर असणे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण स्थिर बोटाच्या दोन बिंदूंमध्ये जागेचे अंतरही नसते. ज्या रेघांत वेळ आणि जागा या दोन्हींत एकदम मोठी उडी होती, त्या आम्ही वेगळ्या काढल्या. त्यांपैकी काहींत ही उडी कित्येक मिनिटांची होती, म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याच्या वेळेची. ती यादी आम्ही पतसंस्थेच्या व्यवस्थापकांकडे दिली, दोष आमचा असल्याचे पत्र सोबत जोडले, आणि त्या सगळ्या खातेदारांच्या सह्या पुन्हा घ्यायचे ठरले.

वडगावातील यादी घेऊन ताई निघाल्या तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेलो. मोबाइल परत देणाऱ्या त्या बाई यादीत नव्हत्या, कारण त्यांनी ती सही होऊच दिली नव्हती. पण त्यांच्या आधी ज्यांनी सही केली होती ते मामा यादीत होते, त्यांच्याही सहीत कोणाचा तरी तुकडा होता. ताईंनी त्यांना काय झाले ते सांगितले. त्यांनी माग थांबवला, हात पुसले आणि नव्या चौकटीत वरून खाली 'म'ची पहिली रेघ ओढली.